वाकलेली दांडी सरळ करताना

सांगलीकर मित्रहो,

मिरज जंक्शनमध्ये एकेकाळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही मापांचे रूळ होते, त्यामुळे या परिसरात इंजिनांच्या प्रतिकृतींचा छंद रुजला याचे मला नवल वाटत नाही. आजचा विषय मात्र बोटभर लांबीच्या एका वस्तूपुरता आहे. एचओ, म्हणजे 1:87 प्रमाणातल्या वाफेच्या इंजिनाची चाके एकमेकांना जोडणारी दांडी, जिला आपण साइड रॉड म्हणतो, ती वाकली तर काय करावे?

इंजिन टेबलावरून पडले की बहुधा पहिला मार हिलाच बसतो, आणि आपण लगेच पक्कड उचलतो. माझे स्पष्ट मत असे की दांडीची खराबी पडण्याने होते त्याहून अधिक या घाईने होते. दांडी नजरेला सरळ दिसणे ही दुय्यम बाब आहे. तिच्या दोन भोकांमधले अंतर चाकांच्या दोन आसांमधल्या अंतराशी जुळणे ही मुख्य बाब आहे, कारण ते जुळले नाही तर चाके प्रत्येक फेऱ्यात ठरावीक जागी अडतात. हिशेब करून पाहा. 40 मिलिमीटरची दांडी बरोबर मध्यावर 2 मिलिमीटर मुडपली, तर भोके सुमारे 0.2 मिलिमीटरने जवळ येतात. हाच बाक 1 मिलिमीटर असेल तर फरक अवघा 0.05 मिलिमीटर पडतो. म्हणजे किंचित बाक उरला तरी इंजिन धावू शकते, मात्र तो बाहेरच्या अंगाला असेल तर दांडी शेजारच्या भागांना घासत नाही ना, हे पाहावे लागते. याउलट ऐरणीवर ठेवून हातोडीने ठोकलेली दांडी पसरून मूळच्यापेक्षा लांब होते, आणि लांब झालेली दांडी पुन्हा आखूड करण्याचा उपाय निदान माझ्यापाशी नाही.

तेव्हा प्रथम दांडी सोडवून जाड काचेवर आडवी ठेवावी, मागे दिवा धरावा, आणि खालून उजेडाची फट जिथे सुरू होते तिथे पेनने खूण करावी. बाक तिथेच असतो. त्याच्या अलीकडे-पलीकडे दाबले की एका वळणाची दोन वळणे होतात. दाते नसलेल्या चपट्या पक्कडीत, दोन्ही बाजूंना पितळी पट्टी घालून, दांडी सरळ रेषेच्या किंचित पलीकडे न्यावी, कारण सोडताच धातू थोडा मागे येतोच.

पितळ आणि जर्मन सिल्व्हर (तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू) प्रत्येक वाकवण्याबरोबर कडक होत जातात, आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेस तडकू शकतात. अशा वेळी भाग मंद लाल होईपर्यंत तापवून नरम करावा. इथे कारखान्यात काम केलेल्या मंडळींचा हात अडखळतो, कारण पोलादाला पाणी दिले की ते कडक होते हे त्यांच्या अंगवळणी पडलेले असते. पितळ मात्र लाल असताना पाण्यात बुडवले तरी नरमच राहते. डाग दिलेला जोड असेल तर आच लावू नये, कारण कथिल-शिशाचा डाग 190 अंशांच्या आसपास वितळतो.

बॉयलरच्या कडेची कठड्याची तार सरळ करणे त्या मानाने सोपे: एक टोक व्हाइसमध्ये आवळावे, दुसरे पक्कडीने धरून तार किंचित लांबल्याचे हाताला जाणवेपर्यंत ताणावी. जस्ताच्या ओतीव भागांच्या वाटेला मात्र मी जात नाही. जुन्या ओतकामात शिशाची भेसळ असली तर धातू आतून पिचलेला असतो, आणि हलक्या दाबानेही त्याचे तुकडे पडतात. असा भाग जर्मन सिल्व्हरच्या पट्टीतून नवा कापून घेणे बरे.

दांडी बसवल्यावर मोटर लगेच जोडू नये. मोटरीच्या जोरापुढे लहान अडथळा कळत नाही. नुसता सांगाडा रुळावर ठेवून बोटाने हलकेच ढकलावा, आणि चाके कुठे अडतात ते पाहून त्याच भोकाशी पुन्हा माप घ्यावे.