मोहरीचा दाणा, पाणीपुरीची पुरी आणि कॅमेऱ्याचं भोक

मंडळी, नमस्कार. विषय तुम्हीच दिलाय: जुना डीएसएलआर (आरशाचा, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घ्यावा की नवा सुपरझूम (एकच पक्की, लांबवर झूम होणारी लेन्स असलेला)? पक्षी बघायला उजनीच्या काठी भिगवणची सहल ठरली की आपल्या गटात दोघं-तिघं तरी हा प्रश्न घेऊन येतातच. कुणाचा भाचा जुना कॅमेरा देतो म्हणालेला असतो, कुणाला दुकानात ‘८३ एक्स’ छापलेलं खोकं दाखवलेलं असतं. मी काही फोटोग्राफर नाही. एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे कुठलंही यंत्र हातात आलं की आधी पट्टी शोधते. आजही पट्टी घेऊनच बोलणार आहे.

या टेबलावर दोन कॅमेरे आहेत. हा डीएसएलआर, निकॉन डी३१००, २०१० सालचा, नवशिक्यांसाठी काढलेला. हा मी वापरलेलाच विकत घेतला. आणि हा सुपरझूम, निकॉनचाच कूलपिक्स पी९००, २०१५ सालचा. आता तोही काही नवा राहिला नाही म्हणा, पण या जोडीत धाकटा तोच. गंमत अशी की दोघांच्याही फोटोची रुंदी बरोबर ४६०८ पिक्सेल आहे. एक चौदा मेगापिक्सेलचा, दुसरा सोळाचा. तेव्हा मेगापिक्सेल हा शब्द आजच्यापुरता बाजूला ठेवू, त्याने काहीच ठरत नाही.

फरक सेन्सरमध्ये, म्हणजे आत प्रकाश टिपणाऱ्या चकतीत आहे. डीएसएलआरचा सेन्सर २३.१ गुणिले १५.४ मिलिमीटर, म्हणजे पोस्टाच्या लहान तिकिटाएवढा. पी९००चा ६.२ गुणिले ४.६, म्हणजे तुरीच्या डाळीएवढा. क्षेत्रफळात जवळजवळ साडेबारा पट फरक. बहुतेक चर्चा इथेच संपते: तिकीट मोठं, डाळ लहान, डीएसएलआर जिंकला. मीही बरीच वर्षं इथेच थांबले होते.

पण सेन्सरपर्यंत प्रकाश पोचतो तो पुढच्या भोकातून. अंगणात पाऊस पडतोय, तुम्ही पिंप ठेवलंय की बादली हे नंतर बघू. आधी वरचं नरसाळं केवढं आहे ते सांगा. कॅमेऱ्याचं नरसाळं मोजणं सोपं आहे. लेन्सवर एफ/५.६ वगैरे आकडा असतो. नाभीय अंतराला, म्हणजे लेन्सवरच्या मिलिमीटरच्या आकड्याला, त्या आकड्याने भागा, भोकाचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. सातवीच्या मुलाला जमेल.

पी९००च्या लेन्सवर खरं नाभीय अंतर लिहिलेलं आहे: ४.३ ते ३५७ मिलिमीटर. ३५७ भागिले ४.३, बरोबर ८३. ते ‘८३ एक्स’ म्हणजे एवढंच. एका टोकाचं दुसऱ्या टोकाशी असलेलं गुणोत्तर. पक्षी ८३ पट मोठा दिसेल असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. माझी डीएसएलआरवरची ७०-३०० लेन्स या हिशेबाने जेमतेम चार एक्स! खोक्यावर छापायला अगदीच केविलवाणं.

आता भोकं मोजू. पी९००ला सगळ्यात रुंद दृश्यावर ठेवलं की ४.३ भागिले २.८, म्हणजे दीड मिलिमीटर. मोहरीचा दाणा. त्याच कॅमेऱ्याला पूर्ण लांबवलं की ३५७ भागिले ६.५, म्हणजे ५५ मिलिमीटर. पाणीपुरीची पुरी. एकाच कॅमेऱ्यात मोहरीही आहे आणि पुरीही आहे, आणि माझं आजचं सगळं म्हणणं एवढ्यात आलं.

मोहरीचा अनुभव मला भाच्याच्या हळदीत आला. संध्याकाळ, मांडवात पिवळे दिवे, आणि मी नवा कॅमेरा मिरवत होते. घरी येऊन बघते तर सगळ्यांचे चेहरे ओल्या रंगात बोट फिरवल्यासारखे. कॅमेऱ्याला प्रकाश पुरला नाही, त्याने आवाज वाढवल्यासारखा संकेत वाढवला, मग खरखर दिसू नये म्हणून सगळं सारवून टाकलं. माझी वहिनी म्हणाली, सुरकुत्या गेल्या ते बरं झालं. तिथे जुन्या डी३१००वर सोबत येणारी साधी १८-५५ लेन्स असती तरी १८ भागिले ३.५, म्हणजे पाच मिलिमीटरचं भोक मिळालं असतं. भिजवलेला साबुदाणा. मोहरी आणि साबुदाणा, क्षेत्रफळात अकरा पट फरक. त्याच खुर्चीवर बसून, त्याच चेहऱ्याकडून अकरा पट प्रकाश. आणि ३५ मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स लावली तर भोक १९ मिलिमीटर. तेव्हा घरातली माणसं, मांजर, देवघरातली समई, नातवाचा पहिला वाढदिवस, यांत जुना डीएसएलआर नव्या सुपरझूमला जवळही येऊ देत नाही. इथे वाद नको.

आता पक्ष्यांकडे येऊ. डीएसएलआरवर ७०-३०० लेन्स, पूर्ण लांबवलेली: ३०० भागिले ५.६, म्हणजे ५४ मिलिमीटर. इकडे ५५, तिकडे ५४. दोन्हीकडे पाणीपुरीच! लांबच्या पक्ष्याकडून दोन्ही कॅमेऱ्यांत जवळजवळ सारखाच प्रकाश येतो. तिकीट आणि डाळ यांतल्या साडेबारा पटीचा फायदा इथे मिळतच नाही, कारण डीएसएलआरमध्ये पक्षी तिकिटाच्या एका कोपऱ्यात बसतो आणि बाकीच्या तिकिटावर नुसतं पाणी आणि बेशरमाची झुडपं.

उदाहरण घ्या. वीस मीटरवर छोटा खंड्या बसलाय, सतरा सेंटीमीटरचा. डी३१००वर ३०० मिलिमीटरने त्याची प्रतिमा अडीच मिलिमीटर पडते, म्हणजे सुमारे ५१० पिक्सेल. पी९००वर प्रतिमा तीन मिलिमीटरची, फारशी मोठी नाही. पण तिथले पिक्सेल इतके बारीक आहेत की खंड्याला २२०० हून जास्त मिळतात. चार पटींपेक्षा जास्त! मी हे पहिल्यांदा वहीत मांडलं तेव्हा मलाच खरं वाटेना.

मात्र त्यातले सगळे पिक्सेल कामाचे नाहीत. प्रकाश भोकातून जाताना थोडा पसरतो, ते कुठल्याही कंपनीला चुकवता येत नाही. ५५ मिलिमीटरच्या भोकातून वीस मीटरवरचे दोन ठिपके पाव मिलिमीटरपेक्षा जवळ असतील तर ते एकमेकांत मिसळणारच. पी९००चा एक पिक्सेल त्या अंतरावर पाव मिलिमीटरच्याही तिसऱ्या हिश्शाएवढा आहे. त्यामुळे प्रत्यक्षात तपशील मिळतो तो अडीच पटीच्या आसपास. चार पट नाही. पण अडीच पट ही काय थोडी गोष्ट आहे?

भिगवणला दोन तुतवार चिखलात फिरताना दिसतात, एक हिरवी आणि एक ठिपकेवाली. लांबून दोन्ही सारख्याच राखाडी. हिरवीची पांढरी भुवई डोळ्याशीच थांबते, ठिपकेवालीची डोळ्याच्या मागेपर्यंत जाते. ही रेघ फोटोत दिसली तर वहीत नोंद होते, नाही दिसली तर ‘तुतवार, जात अनिश्चित’ लिहून गप्प बसायचं. माझ्या डीएसएलआरच्या काळातल्या वह्या अशा अनिश्चित नोंदींनी भरल्यात. पक्षी ओळखण्यासाठी फोटो हवा असेल तर मी डोळे मिटून पी९०० उचलते. वजनही नऊशे ग्रॅम. तो डीएसएलआर आणि ती लेन्स मिळून सव्वा किलो होतात. डीएसएलआरवर ५०० मिलिमीटर एफ/५.६ची लेन्स लावा, भोक ८९ मिलिमीटर होतं आणि पी९०० मागे पडतो. पण अशा लेन्सचं वजनच दीड-दोन किलो, आणि किंमत ऐकून घरी जेवायला वाढणार नाहीत. (हशा)

दोन ठिकाणी पी९०० मला दगा देतो. पहिलं ऊन. सकाळी दहानंतर उजनीच्या पाण्यावरची हवा थरथरायला लागते. दोनशे मीटरवरचे रोहित त्या हवेतून कढईतल्या तेलातून बघितल्यासारखे दिसतात. तिथे झूम जितका लांबवाल तितकी थरथर मोठी. नावाड्याला दोष देऊ नका, कॅमेऱ्यालाही नको. पहाटे जा.

दुसरं, उडणारा पक्षी. डीएसएलआरमध्ये आरशातून आलेल्या प्रकाशाचे दोन भाग करून जुळवले जातात, त्यामुळे फोकस पुढे न्यायचा की मागे हे त्याला लगेच कळतं. पी९०० बिचारा पुढे जातो, मागे येतो, कुठे जास्त ठळक दिसतंय ते चाचपतो. तोवर नदी सुरय पाण्यात सूर मारून, मासा घेऊन, वर आलेलीही असते. शिवाय पूर्ण झूमवर दृश्याची रुंदी एक अंशाच्या आसपास, म्हणजे दोन चंद्र शेजारी मावतील एवढीच. त्यात उडता पक्षी सापडणं म्हणजे जत्रेत बांगडीतून पोर शोधणं. लेन्सच्या बाजूला एक बटण आहे, ते दाबून धरलं की झूम झटकन मागे येतो आणि सोडलं की परत जागेवर जातो. ते वापरायला शिका, अर्ध्या तक्रारी कमी होतील. तरी डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून जे दिसतं ते खरं, त्याच क्षणाचं. पी९००मध्ये आपण लहानसा टीव्ही बघत असतो.

रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची नोंद, पी९०० देत नाही. त्याच्या नंतरचा, २०२० सालचा पी९५० देतो. उन्हात बगळ्याची पिसं फोटोत नुसती पांढरीफटक येतात तेव्हा याची आठवण येते, इतर वेळी नाही.

(श्रोत्यांतून प्रश्न: आत्तेभावाने डी३१०० देऊ केलाय, सोबत जुनी ५० मिलिमीटर लेन्स आहे, घेऊ का?)

घ्या, पण लेन्सवर काय लिहिलंय ते बघून घ्या. डी३१००च्या अंगात फोकस फिरवणारी मोटर नाही. लेन्सवर एएफ-एस असेल तर मोटर लेन्समध्येच असते, काम होतं. नुसतं एएफ किंवा एएफ-डी असेल तर फोकस हाताने फिरवावा लागेल. मला हे विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं, घरी आल्यावर अर्धा तास कॅमेरा बिघडलाय असं समजून बसले होते. दुसरं, लेन्समधून उजेडाकडे बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. कोकणात, मुंबईत कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला ती हमखास असते. घरी आणल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. डबा पापडाचा चालेल, पापड काढून.

आणि त्या कॅमेऱ्याने तुतवार ओळखायला जाऊ नका. घरातल्यांचे फोटो काढा.

आता उठा. दोन्ही कॅमेऱ्यांत कार्ड घातलंय, बॅटरी भरलेली आहे. या खिडकीतून समोर पिंपळ दिसतो, त्याच्या वाळक्या फांदीवर मगापासून एक तांबट बसलाय. मी बोलत होते तेव्हा निम्म्या लोकांचं लक्ष त्याच्याकडेच होतं, मला दिसत होतं. दोघादोघांनी या, धक्काबुक्की नको, आणि पट्टा गळ्यात अडकवल्याशिवाय कॅमेरा उचलू नका.