चोवीस पटींनी लहान

(दृश्य: टेबलाच्या कडेला ओळीने टेकवून ठेवलेले प्लॅस्टिकचे सहा चमचे, प्रत्येकावर लाल रंगाची निराळी छटा.)

हे सहा चमचे सहा रंगांचे आहेत असे पाहणाऱ्याला वाटेल, परंतु ज्या बाटलीतून ते रंगवले ती बाटली एकच आहे. फरक आहे तो खालच्या अस्तराचा आणि वर दिलेल्या हातांच्या संख्येचा. करड्या प्रायमरवर हा लाल काळपट दिसतो, पांढऱ्यावर उजळतो, आणि फिक्या गुलाबी अस्तरावर तोच रंग भरदार होतो. सुटे भाग जोडून बांधायच्या मॉडेल मोटारीच्या खोक्यात (म्हणजे किटमध्ये) गाडीची बॉडी एकच असते आणि ती बिघडली तर दुसरी मिळेलच असे नाही, म्हणून मॉडेल करणारा माणूस आधी चमच्यांवर हात बसवून घेतो. चमच्याचा बाक बॉनेटच्या बाकाशी बराच जुळतो, हीही एक सोय.

मोटारींची प्लॅस्टिक किट प्रामुख्याने 1:24 किंवा 1:25 या प्रमाणात निघतात. पहिले प्रमाण फूट-इंचांच्या हिशेबातले आहे: खऱ्या गाडीचा एक फूट म्हणजे मॉडेलवर अर्धा इंच. जपानी कंपन्यांनी ते स्वीकारले, तर अमेरिकी कंपन्यांत 1:25 रूढ झाले. धातूच्या छोट्या गाड्यांचे 1:43 हे प्रमाण मुळात मोटारींचे नव्हतेच. ते आले मॉडेल रेल्वेच्या ‘फुटाला सात मिलिमीटर’ या मापातून.

1:24 च्या हिशेबाने साडेचार मीटर लांबीची गाडी पावणेएकोणीस सेंटिमीटरांत बसते. इथवर सगळे सरळ आहे. अडचण अशी की, गाडी लहान करता येते. रंगाचा थर, धुळीचा कण आणि बोटाचा ठसा मात्र जेवढ्यास तेवढे राहतात. या छंदातली निम्म्याहून अधिक कौशल्ये या न आक्रसणाऱ्या गोष्टींशी जमवून घेण्याची आहेत.

(दृश्य: दाराच्या रेघेवरून हळूहळू फिरणारे स्क्राइबरचे, म्हणजे रेघ कोरायच्या हत्याराचे, टोक, पाठोपाठ निघणारी प्लॅस्टिकची बारीक, कुरळी कात्रण.)

खऱ्या गाडीचे दार आणि बॉडी यांच्यातली फट चार मिलिमीटरची धरली, तर मॉडेलवर ती मिलिमीटरचा सहावा भाग होते. प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट मिळून जाडी सहज 0.1 मिलिमीटर भरते. ती चोवीसने गुणली की जवळजवळ अडीच मिलिमीटर होते, म्हणजे गाडीला रंग नव्हे, गिलावाच केल्यासारखे. म्हणून दारांच्या आणि डिकीच्या रेघा रंग देण्याआधी खोल करून घ्याव्या लागतात. हे काम टाळले, तर रंग रेघांत साचतो आणि दाराच्या जागी दाराचे नुसते चित्र उरते.

त्याआधीची कामे कंटाळवाणी आहेत आणि त्यांचे वर्णन लांबवण्यात अर्थ नाही: भाग कटरने सोडवणे, साच्याच्या जोडाची उमटलेली रेघ वॉटर पेपरने घासणे, आणि हाताचे व साच्याचे तेल जावे म्हणून सगळे साबणाच्या पाण्यात धुणे. जोडणीबद्दल मात्र एक गोष्ट सांगायला हवी. किटसाठीचा पातळ सिमेंट हा रूढ अर्थाने डिंक नव्हेच. त्यातला द्रावक किटचे प्लॅस्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, विरघळवतो आणि दोन्ही कडा एकमेकींत मुरून एकजीव होतात. असा जोड चुकीचा बसला, तर तो उकलत नाही, कापावा लागतो. उलट, खिडक्यांच्या काचांना हा सिमेंट चालत नाही आणि झटपट चिकटणारा सुपर ग्लूही चालत नाही, कारण त्याच्या वाफेने पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढुरका पडदा धरतो आणि त्यावर पूर्वी उमटलेले बोटाचे ठसे स्पष्ट दिसू लागतात. काचा बसवायला सुकल्यावर पारदर्शक होणारा साधा पांढरा डिंकच बरा.

अमेरिकेतील एएमटी ही कंपनी आरंभी मोटारविक्रेत्यांसाठी नव्या गाड्यांची तयार मॉडेल बनवत असे. 1958 पासून तिने किट आणली आणि एकाच खोक्यातून गाडी तीन प्रकारे बांधण्याची मुभा दिली: कारखान्यातून निघते तशी, मनासारखी बदललेली, किंवा शर्यतीची. रंग कोणता द्यावा हा निर्णय यामुळे बांधणाऱ्याच्या हाती आला, आणि रंगाची सगळी दुखणीही त्याच्याच वाट्याला आली.

त्यातले एक दुखणे लाल प्लॅस्टिकचे आहे. लाल बॉडीवर पांढरा रंग दिला, तर खालचा लाल वर झिरपतो आणि काही दिवसांनी गाडी गुलाबी पडते. मध्ये चंदेरी रंगाचा एक हात दिल्यास तो बव्हंशी अडतो. दुसरे दुखणे लॅकर आणि एनॅमल या दोन प्रकारच्या रंगांच्या क्रमाचे आहे. वाळलेल्या लॅकरवर एनॅमल चालते, पण एनॅमलवर लॅकर मारले की त्यातला जहाल थिनर खालच्या थराला सुरकुत्या पाडतो. चंदेरी रंगाची तऱ्हा आणखी वेगळी आहे: खऱ्या गाडीसाठी केलेल्या रंगातला चमकीचा कण मॉडेलवर खसखशीएवढा भासतो, म्हणून मॉडेलसाठी अधिक बारीक कणांचा रंग शोधावा लागतो.

(दृश्य: तोंडाला वाफरोधक मास्क. वाकवलेल्या तारेवर अडकवलेली बॉडी एका हातात, एअरब्रश (रंग फवारायचे पेनासारखे यंत्र) दुसऱ्या हातात.)

रंग दुधाइतका पातळ केलेला आहे. फवारा बॉडीच्या बाहेर सुरू होतो, दहा-बारा सेंटिमीटर अंतरावरून सरळ पुढे जातो आणि पलीकडे गेल्यावरच थांबतो. हात मध्येच रेंगाळला, तर ओघळ येतो. फार लांब राहिला, तर थेंब हवेतच वाळतात आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. पहिले दोन हात इतके विरळ असतात की अस्तर दिसतच राहते, आणि नवशिक्याचा धीर नेमका इथेच सुटतो.

बॉनेट बंद झाल्यावर कधीच न दिसणाऱ्या इंजिनात तारा ओवण्यासाठी आठवडे घालवणारे लोक या छंदात पुष्कळ आहेत. त्यांच्याविषयी आदर बाळगूनही असे वाटते की, तो वेळ बॉनेटच्या वरच्या बाजूला दिला असता तर बरे झाले असते.

शेवटच्या हातानंतर बॉडी धुळीपासून वाचवण्यासाठी खोक्याखाली झाकली जाते, कारण रंगात अडकलेला एक केस या मापात सुतळीएवढा दिसतो. रंग वाळला की नाही हे बोट लावून पाहायचे नसते. वरून कोरडा वाटणारा थर आतून मऊ असतो आणि ठसा धरतो. खोके जरासे उचलून वास घ्यायचा, हीच खात्रीची परीक्षा. आज पाचवा दिवस आहे. थिनरचा वास अजून येतो, म्हणून खोके पुन्हा खाली ठेवले जाते.