डोकेदुखी घेऊन आलात? मग बसू नका

1955, रंगून. सत्यनारायण गोएंका या तरुण व्यापाऱ्याला अर्धशिशीने पुरतं घेरलं होतं. कळ असह्य झाली की मॉर्फिनचं इंजेक्शन. परदेशातले डॉक्टरही करून झाले होते. शेवटी ते ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे ब्रह्मदेशाचे अकाउंटंट जनरल आणि विपश्यना या ध्यानपद्धतीचे आचार्य. डोकेदुखी घालवायला आलोय म्हटल्यावर त्यांनी सरळ नकार दिला. मन निर्मळ करायचं असेल, तरच बसा.

गोएंका ती अट मान्य करून बसले. अर्धशिशी पुढे गेलीही. 1969 मध्ये ते भारतात आले आणि 1976 पासून इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात विपश्यनेची शिबिरं भरू लागली.

नोकरी गेलेले, घरातलं माणूस गमावलेले कितीतरी जण इथे 10 दिवसांसाठी येतात. फी नाही. पहाटे 4 ला घंटा, 11 ला जेवण, संध्याकाळी चहा-फळं. फोन, पुस्तक, वही-पेन पहिल्याच दिवशी जमा. दहाव्या दिवसापर्यंत मौन.

पहिले 3 दिवस फक्त आनापान. लक्ष नाकपुड्या आणि वरचा ओठ एवढ्याच टापूत. श्वास डावीकडून येतोय की उजवीकडून, जाताना ऊन लागतो का, एवढंच बघायचं. प्राणायामाची सवय असलेले इथे हटकून चुकतात. श्वास लांबवतात, मोजतात, त्याला नाम जोडतात. नामाने मन लवकर टिकतं, खरंय. पण मग लक्ष नामावर राहतं, श्वास सुटतो. मन फारच भरकटलं, तर काही श्वास मुद्दाम जोराने घ्यायला हरकत नाही.

चौथ्या दिवशी विपश्यना. टाळूपासून पायाच्या बोटांपर्यंत एकेक भाग बघत जायचं : खाज, ऊब, मुंग्या, ठणका. मग दिवसातून 3 वेळा तासभर अधिष्ठान, म्हणजे न हलता बसण्याचा निर्धार. डोळे उघडायचे नाहीत, हात सोडायचे नाहीत, मांडी मोडायची नाही. गुडघ्यांचं दुखणं त्यामानाने सोपं. शोकात असलेल्या माणसाची खरी पंचाईत छातीतल्या दडपणापाशी होते. ते जावं म्हणून तो तिथेच घुटमळतो, आणि दडपण वाढतं. मिनिटभर बघायचं आणि पुढच्या भागाकडे सरकायचं. सुखद मुंग्यांनाही हाच नियम. त्या परत याव्यात म्हणून वाट बघत बसलं, की बैठक वाया गेलीच म्हणायची.

ज्याला गंभीर मानसिक आजार असेल, त्याच्यासाठी हे शिबिर नाही. उपचार चालू असतील, तर अर्जात स्पष्ट लिहावं. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. आणि आघात अगदी ताजा असेल, तर आमच्या मते 10 दिवसांचं शिबिर थोडं पुढे ढकलावं. तोवर घरीच, पाठ ताठ ठेवून, रोज 10 मिनिटं आनापान करावं.