पानाने परत केलेला प्रकाश

(दृश्य : अंधारी खोली, टेबलावर काचेचा पेला.)

पालकाची चार पानं स्पिरिटमध्ये कुटून गाळून घेतली, की हिरवागार अर्क मिळतो. आता दिवे घालवा आणि नोटा तपासायची जांभळी टॉर्च त्यावर धरा. अर्क चक्क लाल दिसू लागतो! हरितद्रव्याने गिळलेला प्रकाश ते परत फेकतंय. पेशीतून बाहेर काढल्यावर त्या प्रकाशाचं काही करायला त्याच्याजवळ यंत्रणाच उरलेली नाही.

जिवंत पानही ही लाली सोडतं, पण फार थोडी. शोषलेल्या शंभर प्रकाशकणांमागे जेमतेम दोन-तीन. तेवढ्या उजेडात पानाच्या आतलं काम, म्हणजे प्रकाशसंश्लेषण, वाचायला शिकलेल्या माणसाची ही गोष्ट.

त्यांचं नाव गोविंदजी. आडनाव नाहीच, वडिलांनी जातीवाचक आडनाव गाळून टाकलं होतं. जन्म 1932 चा, अलाहाबादचा. तिथल्याच विद्यापीठातून 1954 मध्ये वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. आणि 1956 मध्ये थेट अमेरिकेत, इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना गावी, रॉबर्ट इमर्सन यांच्या प्रयोगशाळेत.

इमर्सन यांच्यासमोर तेव्हा एक जुनं कोडं होतं. क्लोरेला नावाच्या हिरव्या शेवाळावर 680 नॅनोमीटरच्या पुढचा गडद लाल प्रकाश टाकला, तर हरितद्रव्य तो शोषतं, पण ऑक्सिजन मात्र फारसा निघत नाही. हे 1943 मध्येच दिसलं होतं. 1957 मध्ये इमर्सननी त्यात आणखी भर घातली : त्या गडद लाल प्रकाशाच्या जोडीला थोड्या कमी तरंगलांबीचा प्रकाश दिला, तर दोन्हींच्या बेरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन मिळतो. एक अधिक एक, दोनहून जास्त. म्हणजे आत प्रकाशाची दोन वेगळी कामं चालत असणार.

(दृश्य : न्यूयॉर्कची ईस्ट रिव्हर, थंडीचे दिवस.)

4 फेब्रुवारी 1959. न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरमध्ये विमान कोसळलं आणि इमर्सन गेले. गोविंदजी आणि त्यांच्या पत्नी रजनी, दोघांचंही संशोधन अर्ध्यावर होतं. इलिनॉयमधलेच प्राध्यापक यूजीन राबिनोविच यांनी त्यांना पुढे नेलं.

रजनीताईंचं काम इथे सांगितलंच पाहिजे. या गोष्टीत त्यांना नेहमी थोडक्यात आटोपतात. मोजला जाणारा ऑक्सिजन म्हणजे तयार झालेल्यातून श्वसनात खर्च झालेला वजा जाऊन उरलेला. मग ती जादा वाढ श्वसन मंदावल्यामुळे तर दिसत नसेल? शंका रास्त होती. रजनीताईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशींना क्विनोन नावाचं रसायन दिलं. त्याने श्वसन थांबतं, पण पाण्यातून ऑक्सिजन काढण्याचं काम चालू राहतं. तरीही वाढ दिसली. त्याच वर्षी, 1960 मध्ये, गोविंदजींनी दाखवलं, की दोन्ही कामांत हरितद्रव्याचा मुख्य प्रकार, हरितद्रव्य 'अ', स्वतःच हजर आहे. फक्त त्याची रूपं वेगळी आहेत. आज शाळेच्या पुस्तकात प्रकाशप्रणाली एक आणि दोन म्हणून जे येतं, त्याच्या पायात हे प्रयोग आहेत.

पुढची दशकं त्या लालीची. शेवाळ द्रव नायट्रोजनमध्ये, उणे 196 अंशांना गोठवून तिचा वर्णपट काढायचा. एरवी एकात एक मिसळलेल्या छटा मग वेगळ्या होतात : 685, 695, त्यापुढे 720 नॅनोमीटरच्या पलीकडची. प्रत्येक छटा हरितद्रव्याच्या वेगळ्या वस्तीतून येते.

आणि वेग? प्रकाश मिळाल्यावर दुसऱ्या प्रणालीच्या गाभ्यात इलेक्ट्रॉन किती वेळात उडी मारतो? 1989 मध्ये मायकेल वासिलेव्स्की, मायकेल सायबर्ट आणि सहकाऱ्यांबरोबर गोविंदजींनी लेझरच्या अतिसूक्ष्म स्पंदांनी हे मोजलं. उत्तर आलं सुमारे तीन पिकोसेकंद (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग). तेवढ्या वेळात प्रकाश स्वतः एक मिलिमीटरही पुढे सरकत नाही. या आकड्यावर पुढे बराच वाद झाला; गाभ्यातले रेणू एकमेकांत ऊर्जा फिरवत राहतात, त्यामुळे नेमकी उडी वेगळी काढणं फार कठीण. पण एवढ्या झटपट घडणाऱ्या गोष्टीवर घड्याळ लावता येतं, हीच मला मोठी झेप वाटते.

(दृश्य : शेतातलं उभं पीक, पानाला लावलेला छोटा चिमटा.)

अंधारात ठेवलेल्या पानावर अचानक प्रकाश पडला, की त्याची लाली पायऱ्या-पायऱ्यांनी चढते आणि सेकंदाच्या आतच टोक गाठते. या पायऱ्यांना ओ, जे, आय, पी अशी नावं आहेत. रेटो स्ट्रासर आणि अलका श्रीवास्तव यांच्यासह गोविंदजींनी 1995 मध्ये त्यांचं सविस्तर वर्णन केलं. कुठल्या पायरीवर इलेक्ट्रॉनची वाट तुंबली आहे, ते त्या चढावरून कळतं. उन्हाने किंवा दुष्काळाने पान कोमेजण्याआधीच हा चढ बदलू शकतो.

त्यासाठी आता हातात मावणारं यंत्र मिळतं. चिमटा लावायचा, थोडा वेळ पानाला अंधार द्यायचा, मग सेकंदभर प्रकाश. पान तोडावंही लागत नाही.