दहा हजार पावलं कुणी ठरवली हो?

नमस्कार मंडळी, काय म्हणताय? सकाळी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर गेलं की हल्ली सगळे दर दोन मिनिटांनी मनगट वळवून बघत असतात, टाइम नाही हां, स्टेप्स. आमच्या शेजारचे काका तर रात्री साडेनऊला सोसायटीच्या गेटपासून पार्किंगपर्यंत येरझाऱ्या घालतात, विचारलं तर म्हणाले, "अगं, अजून तीनशे राहिल्यात."

आता हे दहा हजार आलं कुठून? तर जपानमधून. 1964 ला टोकियोत ऑलिंपिक झालं, तिथल्या लोकांना व्यायामाचं वारं लागलं, आणि 1965 ला यामासा नावाच्या कंपनीने कमरेला अडकवायचं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं. नाव मानपो-केई, म्हणजे सरळ 'दहा हजार पावलांचा मीटर'. गोल गरगरीत आकडा, पटकन लक्षात राहतो, म्हणून चालला. 2019 ला अमेरिकेत सोळा हजारांवर वयस्कर बायकांचा एक अभ्यास छापून आला, त्यात रोज 4400 च्या आसपास चालणाऱ्यांमध्येसुद्धा अगदीच कमी चालणाऱ्यांपेक्षा मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं आणि साधारण 7500 नंतर फायदा वाढायचाच थांबला. काकांना हे सांगितलं तर माझ्यावरच चिडले, म्हणे आधी नाही का सांगायचं!

पावलं मोजायची हौस तशी जुनीच, पेरले नावाच्या स्विस घड्याळवाल्याने 1780 च्या सुमारासच तसं यंत्र केलं होतं. पण मला सगळ्यात आवडते ती हृदयाच्या ठोक्यांची गोष्ट, कारण तिच्यात आपला रेडिओ आहे! अमेरिकेत मोंटाना राज्यात नॉर्मन होल्टर नावाचे शास्त्रज्ञ होते, त्यांच्या डोक्यात आलं की पेशंटला कॉटवर झोपवून ईसीजी काढायचा, त्यापेक्षा माणूस हिंडता-फिरता असताना का नाही काढायचा, म्हणून 1940 च्या दशकाच्या शेवटी त्यांनी पाठीवर घ्यायचं मशीन बनवलं जे ठोके रेडिओवरून पाठवायचं. वजन साधारण 38 किलो! म्हणजे सिमेंटच्या पन्नास किलोच्या गोणीच्या जवळपास पाऊणपट, आणि ते पाठीवर बांधून स्वतः होल्टरसाहेब व्यायामाच्या सायकलवर बसले. आज डॉक्टर दिवसभराचे ठोके नोंदवणारं यंत्र अंगाला लावायला 'होल्टर लावा' म्हणतात ना, ते नाव यांचंच.

मग 1977 ला फिनलंडमध्ये प्रोफेसर सेप्पो सायनायाकांगास यांनी पोलर कंपनी काढली, बर्फावर स्कीइंग करणाऱ्या खेळाडूंचे ठोके मोजायला, आणि पुढे छातीला पट्टा आणि मनगटावर घड्याळ, मध्ये वायर नाही, असं मॉडेल आलं. 2009 ला फिटबिटचं क्लिपवालं यंत्र, 2014 ला शाओमीचा स्वस्त बँड, आणि मग काय, घरोघरी.

आता हे मोजतं कसं? आत अ‍ॅक्सेलरोमीटर असतो, सिलिकॉनचा इतका बारीक तुकडा की हात हलला की तोही हलतो, त्यावरून मशीन अंदाज बांधतं. त्याला तुमचं पाऊल दिसतच नाही हो, त्याला फक्त हिसका कळतो! ठोक्यांसाठी मनगटाखाली हिरवा लाइट लुकलुकतो, रक्त हिरवा प्रकाश शोषतं, ठोका पडला की रक्त वाढतं, परत येणारा प्रकाश कमी होतो. म्हणून पट्टा सैल असला की आकडे काहीच्या काही.

मागच्या महिन्यात आजीला व्हीलचेअरवर बसवून रामकुंडावर गोदाआरतीला नेलं, पार्किंगपासून घाटापर्यंत चांगलं अंतर होतं, गर्दी होती, मी ढकलून घामाघूम. हात हँडलवर घट्ट, त्यामुळे हलले नाहीत, बँडने चाळीसेक पावलं दाखवली. मग आरती सुरू झाली, मी एका जागी उभी राहून टाळ्या वाजवल्या, तर आकडा सरसर दोनशेच्या पुढे! आजीला दाखवलं.

ती म्हणाली, "मला ढकललंस ते धरलं नाही आणि टाळ्या धरल्या, देवाच्याच बाजूचं मशीन दिसतंय."