देवाला वाईट वागता येतं का?

मंडळी, प्रश्न तसा साधा आहे, कीर्तनाला बसलेलं दहावीतलं पोरगंपण विचारतं. देव सर्वशक्तिमान आहे ना, मग त्याला वाईट वागता येतं का? येतं म्हणलं तर तो देव कसला, अन् येत नाही म्हणलं तर तो सर्वशक्तिमान कसला, म्हणजे कोणत्याही बाजूनं गेलं तरी अडकतंच. मोठी माणसं अशा वेळी पोराला गप बसवतात आणि हे मला अजिबात पटत नाही, कारण या प्रश्नावर जगातली लई मोठी डोकी दोन अडीच हजार वर्षं झिजलीत आणि आपल्या मराठवाड्यातल्या संतांनी तर त्याच्यावर देवाशी सरळ भांडण काढलंय.

आधी नाथांची गोष्ट घेऊ, सगळ्यांना माहीत असलेलीच. एकनाथ महाराज पैठणला गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, आंघोळ करून येतात आणि वाटेत एक माणूस त्यांच्या अंगावर थुंकतो. नाथ परत जातात, आंघोळ करतात, येतात, तो परत थुंकतो, असं किती वेळा झालं ते सांगणारा आपापल्या परीनं सांगतो पण शेवटी थकतो तो थुंकणारा, नाथ थकत नाहीत, उलट त्याला म्हणतात तुझ्यामुळं आज इतक्या वेळा गंगास्नान घडलं. आता मला सांगा, नाथांना चिडता येत नव्हतं का? जीभ होती, हात होते, गावात मान होता, एक हाक मारली असती तर त्या माणसाला लोकांनी सोडला नसता. म्हणजे ताकदीचा प्रश्नच नव्हता. तरीपण आपण म्हणतो, नाथांना चिडणं शक्यच नव्हतं. आणि हे म्हणताना आपल्या मनात असं येत नाही की बिचारे नाथ, त्यांचं स्वातंत्र्य कमी होतं. उलट वाटतं की खरा मोकळा माणूस तोच, बांधलेला तो थुंकणारा होता, पैजेनं म्हणा नाहीतर द्वेषानं.

दुर्योधनाच्या तोंडी एक श्लोक घातलेला आहे, जानामि धर्मं न च मे प्रवृत्तिः, धर्म काय ते मला कळतं पण तिकडं माझं मन वळत नाही, अधर्म कळतो पण तो सुटत नाही. याला आपण स्वातंत्र्य म्हणणार का? ही तर बेडी आहे. अकराव्या शतकात युरोपात अन्सेल्म नावाचा साधू होऊन गेला, त्यानं नेमकं हेच लिहून ठेवलं की पाप करता येणं हा काही स्वातंत्र्याचा भाग नव्हे, पापानं स्वातंत्र्य वाढत नाही, घटतं. म्हणून माझं पहिलं म्हणणं असं की देव वाईट निवडू शकत नाही आणि त्यानं तो लहान होत नाही. कोणी बाहेरून त्याचा हात धरलेला नाही, त्याचा स्वभावच तसा आहे.

आता कोणी म्हणेल, सर, नाथ साधनेनं तसे झाले, त्यांच्यामागं दुसरी वाट होती आणि ती त्यांनी सोडली म्हणून त्यांचं कौतुक. देवापुढं दुसरी वाट कधी नव्हतीच, मग त्याचं कौतुक कशाचं? पॉइंट बरोबर आहे. पण विठ्ठलानं मोह जिंकला म्हणून आपण अभंग गातो का? त्याचं कौतुक करायला आपण पंढरपूरला जातच नाही, त्याच्यावर टेकायला जातो, आणि टेकायचं तर समोरचं हलणार नाही याची खात्रीच लागते.

इथपर्यंत गाडी नीट चालली, पण खरी अडचण इथूनच चालू होते आणि बरेच वक्ते इथंच भाषण संपवतात. जगात वाईट का आहे असं विचारलं की आपलं ठरलेलं उत्तर काय, की देवानं माणसाला चॉइस दिला, चॉइस दिला की कोणीतरी चुकीचं निवडणारच. ठीक. पण आपण तर आत्ताच मान्य केलं की देव स्वतः पूर्ण मोकळा असूनही कधीच वाईट निवडत नाही. म्हणजे मोकळेपणा आणि चांगुलपणा दोन्ही पूर्णपणे एकत्र राहू शकतात. मग त्यानं आपल्याला तसंच का नाही बनवलं? १९५५ साली जे. एल. मॅकी नावाच्या तत्त्वज्ञानं हाच पेच लेख लिहून मांडला, की मोकळेपणानं नेहमी चांगलंच निवडणारी माणसं घडवायला देवाला काय हरकत होती. याला उत्तर दिलं गेलं, विशेष करून प्लँटिंगा या तत्त्वज्ञांनी, की देवानं एखाद्याकडून चांगलं निवडून घेतलं तर ते त्या माणसानं निवडलेलं राहतच नाही. मला हे उत्तर बऱ्यापैकी पटतं, कारण तयार होऊन जन्माला आलेले नाथ हे नाथच नसते. त्यामुळं माणूस माणसाला जे छळतो, जातीवरून, हुंड्यावरून, जमिनीच्या तुकड्यावरून, त्याचा बोजा देवावर टाकायला मी तयार नाही.

पण आपण आज औशात बसलोय, आणि किल्लारी आपल्याच तालुक्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३, गणपती बुडवून लोक झोपलेले, पहाटे चारला काही मिनिटं कमी होती आणि भूकंप झाला. दहा हजाराच्या आसपास माणसं गेली. तिथं कोणी कोणता चॉइस केला होता? भारताचा भूखंड उत्तरेकडं सरकतोय, हिमालयाला रेटतोय, त्याचा ताण आतपर्यंत पोचतो आणि कुठंतरी खडक तुटतो, इतकंच. नकाशावर आपला भाग तेव्हा सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, उन्हाळ्यात गारवा मिळावा म्हणून बापजाद्यांनी बांधलेली घरं, तीच अंगावर आली, आणि कुडाच्या खोपटात झोपलेली गरीब माणसं बरीच वाचली. यात पाप-पुण्याचा हिशोब मला तरी कुठं लागत नाही.

आपल्या परंपरेत याला उत्तर आहे आणि ते हलकं नाही. ब्रह्मसूत्रं म्हणजे वेदान्ताचा पायाभूत ग्रंथ, त्याच्या दुसऱ्या अध्यायात स्पष्ट प्रश्न घेतलाय की जगात एक सुखी एक दुःखी, मग ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही का, आणि उत्तर दिलंय की नाही, कारण तो जीवांच्या कर्माकडं बघून फळ देतो. मग सुरुवातीला कर्म कुठून आलं असं विचारलं तर संसाराला सुरुवातच नाही असं पुढचं उत्तर. लॉजिक म्हणून पक्कं आहे. तरी मला यात दोन गोष्टी खटकतात. एक तर देव मग सातबारा बघून उतारा देणाऱ्या तलाठ्यासारखा होतो, कागदावर जे आहे तेच देणार, दयेला जागाच कुठं. आणि दुसरी जास्त जिव्हारी लागणारी, की ढिगाऱ्यातून लेकरू काढलेल्या बाईला तुझ्या नाहीतर त्याच्या मागच्या जन्माचं हे फळ असं सांगणं, हे मला सहन होत नाही, ज्यांनी तेव्हा असं सांगितलं त्यांनी चुकीचं केलं असंच मी म्हणेन.

मग उरतं ते सगळ्यात सोपं उत्तर, देव करतो ते चांगलंच. हे वाक्य रोज कानावर पडतं, सांत्वनाला म्हणतात तेव्हा मी वाद घालत नाही, पण विचार म्हणून ते घातक आहे. प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस विचारतो, देवांना आवडतं म्हणून ते पवित्र, का पवित्र आहे म्हणून देवांना आवडतं? पहिलं खरं मानलं तर चांगलं या शब्दात काही उरतच नाही, उद्या लेकरं मारायची आज्ञा आली तर तीपण चांगलीच. आणि मग किल्लारीपण चांगलीच झाली असं म्हणावं लागेल. माझी जीभ ते म्हणणार नाही, आणि कोणत्या देवाला ते ऐकायला आवडत असेल असंही मला वाटत नाही.

म्हणून मी म्हणतो की देवाचा चांगुलपणा त्याच्या मर्जीवर नाही, तो त्याचं ब्रीद आहे, आणि ब्रीद आहे म्हणूनच त्याला जाब विचारता येतो. नामदेवांनी काय केलं बगा, आपल्या हिंगोलीकडचे नरसीचे नामदेव, ते देवाला म्हणतात, पतितपावन नाव ऐकून दारात आलो, तू पतितपावन होत नाहीस म्हणून परत चाललो, सोड ते ब्रीद, हे नाव तुला ठेवलं तरी कोणी. ही नास्तिकाची भाषा नाही, हे हक्कानं केलेलं भांडण आहे. काहीही करायला मोकळा असलेल्या राजापुढं माणूस गयावया करतो, भांडत नाही. जनाबाई गंगाखेडची, तिनं तर विठ्ठलाला शिव्या घातल्यात आणि वारकरी ते अभंग आजपण गातात.

किल्लारीच्या वेळी त्यानं का थांबवलं नाही, याचं उत्तर मला आजपर्यंत कोणत्याच ग्रंथात पुरेसं मिळालेलं नाही. सृष्टीचे नियम सतत मोडले तर जगणंच अशक्य होईल, हे म्हणणं मला अर्धं पटतं, कारण एक रात्र, एक झटका थोपवला असता तर कोणता नियम कोसळला असता हे मला दिसत नाही. तिथं मी गांधारीच्या बाजूला उभा राहतो. युद्ध संपल्यावर रणात पोरांची प्रेतं बघून ती कृष्णाला म्हणते, तुझ्या अंगात ताकद होती, तुझा शब्द दोन्हीकडं चालत होता, तू थांबवू शकत होतास आणि तरी तू दुर्लक्ष केलंस, आणि शाप देते की छत्तीसाव्या वर्षी तुझं कुळपण असंच आपसात लढून संपेल. कृष्ण तिला पुढं सुनावतोही, दुर्योधनाला डोक्यावर तूच बसवलंस म्हणून. पण मी करतो तेच बरोबर असं तो म्हणत नाही, आणि शाप मागं घे असंही म्हणत नाही. तो शाप घेतो, आणि छत्तीसाव्या वर्षी प्रभासाला यादव एकमेकांच्या हातून मरतात तेव्हाही तो अडवत नाही.