तंबू थडीवर, वाळूत नव्हे

श्रोतेहो, नमस्कार.

आम्ही लातूरचे. २०१६ च्या एप्रिल महिन्यात मिरजेहून रेल्वेने आमच्या शहरात पिण्याचे पाणी आले, तेव्हा लग्न होऊन मी तिथे नुकतीच राहायला गेले होते, आणि टँकर कधी येणार व घागरी कोण धरणार यावर आमचा सारा दिवस आखला जात असे. माझी दोन्ही मुले त्यानंतरची. मुलगा सात वर्षांचा आणि मुलगी चार वर्षांची. पाणी नळाला येते एवढे त्यांना ठाऊक आहे. मांजरा नदी मात्र त्यांनी पुलावरून, धावत्या गाडीच्या खिडकीतूनच पाहिली आहे. मुलांनी वाहत्या पाण्याच्या शेजारी एक पूर्ण रात्र काढावी, या एका इच्छेपायी गेल्या जानेवारीत आम्ही परळीमार्गे गंगाखेड गाठले आणि गोदावरीकाठच्या माझ्या मामांच्या शेतात मुक्काम केला. आम्ही दोघे, मुले, नणंद आणि तिची पाच वर्षांची लेक, अशी सहा माणसे होतो. तंबू भाड्याने आणलेला होता आणि तो उभा करण्याचा अनुभव आमच्यापैकी कुणालाही नव्हता.

रानात जाऊन जेवणे आपल्याकडे नवे नाही. वेळ अमावस्येला, आमच्या बोलीत येळवशीला, लातूर-धाराशिवकडची गावे शेतात लोटतात. कडब्याच्या कोपीत पूजा होते, भज्जी, आंबील आणि उंडे पोटभर खाल्ले जातात. परंतु दिवस मावळला की सगळे घरी परततात. रात्र बाहेर काढणे, तीही नदीपाशी आणि लहान मुले बरोबर घेऊन, ही गोष्ट निराळी आहे आणि तिच्यासाठी येळवशीचा अनुभव पुरत नाही, हे मला पहिल्या अर्ध्या तासातच कळले.

नदीच्या पात्रात पांढरी, मऊ, सपाट वाळू पसरली होती. खुंट्या सहज शिरतील, पाणी दहा पावलांवर, मुलांना खेळायला अंगण आयतेच, असा विचार करून यजमानांनी तंबूची पिशवी तिथेच उघडली. मामा शेतातून लगबगीने खाली आले आणि म्हणाले, "जावईबापू, वाळूत झोपू नका. गंगंला पाणी येतं ते इथलं आभाळ बघून येत न्हाई."

मामांचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. गोदावरीचा उगम त्र्यंबकेश्वरचा. नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतले पाणी, दारणा आणि प्रवरेसारख्या नद्यांसह, पैठणच्या नाथसागरात येते. जायकवाडीची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली. सुमारे १०२ टीएमसी क्षमतेच्या या धरणाला २७ दरवाजे आहेत, आणि पैठणच्या खाली नदीवर बंधाऱ्यांची मोठी साखळी आहे. त्यामुळे पावसाळ्यात घाटमाथ्यावर धुवाधार पाऊस कोसळतो आणि आमच्या डोक्यावर कोरडे ऊन असताना पात्र भरते. पावसाळा सरल्यावर हा धोका कमी होतो, तरी संपत नाही, कारण वरच्या बंधाऱ्यातून पाणी सोडले की खालची पातळी कोणतीही चाहूल न देता चढते. वाळूत झोपलेल्या मोठ्या माणसाचे फार तर अंथरूण भिजेल. पण झोपेत गुंतलेली तीन लहान मुले अंधारात उचलून दरड चढणे किती अवघड आहे, याचा विचार दिवसाउजेडीच केलेला बरा.

मग जागा कशी निवडायची? मामांनी आम्हाला काठावरची बाभळीची झुडपे दाखवली. त्यांच्या फांद्यांत वाळलेला काडीकचरा आणि प्लॅस्टिकच्या चिंध्या अडकलेल्या होत्या. मागच्या पुराचे पाणी कुठवर चढले होते, ते नदीनेच तिथे लिहून ठेवले होते. त्या खुणेच्या बऱ्याच वर, थडीवरच्या ज्वारीच्या वावराशेजारी, पडीक तुकड्यावर आम्ही तंबू लावला. त्याआधी वरच्या झाडावर वाळकी फांदी किंवा आग्या मोहोळ नाही ना, हेही मामांनी पाहून घेतले, कारण खाली चूल पेटवून मोहोळाला धूर दिला तर पळायला नदीशिवाय जागा उरत नाही. तंबू उभारायला आम्हाला दीड तास लागला, आणि त्यातला एक तास खांब उलटे जोडण्यात गेला, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

पाण्यात उतरण्याची गोष्ट मी थोडी सविस्तर सांगते, कारण भीती तिथेच खरी असते. मराठवाड्यातल्या बहुतेक नद्यांच्या पात्रांतून वाळूचा बेसुमार उपसा झाला आहे आणि त्याचे खड्डे पाण्याखाली तसेच राहिले आहेत. वरून पाणी संथ व सपाट दिसते. घोट्याएवढ्या पाण्यात चालणाऱ्या मुलाचे पुढचे पाऊल पुरुषभर खोल डोहात पडू शकते. म्हणून मामा आधी स्वतः हातात काठी घेऊन उतरले, टोचत टोचत फिरले, आणि तळाला गोटे व खडक असलेला एक लहानसा पट्टा त्यांनी नक्की केला. दोन्ही टोकांना आम्ही दोर बांधला. दोराच्या आत आणि गुडघ्यापर्यंत, एवढीच मुलांची नदी. तेवढ्यातही त्यांनी दोन तास मासे धरण्याचा आव आणला, चपटे दगड गोळा केले आणि एकमेकांना यथेच्छ भिजवले.

बुडणारे मूल ओरडते, हात हलवते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ते बहुधा आवाज न करता खाली जाते, कारण तोंड पाण्यावर ठेवण्यातच त्याची सारी शक्ती खर्च होते. मोठी माणसे जवळ असणे पुरेसे नाही. उलट चार मोठी माणसे काठावर असली की प्रत्येकाला वाटते, दुसऱ्याचे लक्ष आहे. यावर नणंदेने तोड काढली. मामांच्या खांद्यावरची लाल दस्ती ज्याच्या गळ्यात, त्याने मुलांकडे पाहायचे. त्याने मोबाइल हातात घ्यायचा नाही, गप्पांत भाग घ्यायचा नाही, आणि अर्ध्या तासाने दस्ती दुसऱ्याच्या गळ्यात घालूनच मोकळे व्हायचे. गप्पिष्ट माणसाला हा अर्धा तास फार मोठा वाटतो, हे माझ्या यजमानांकडे पाहून समजले.

मामांची पिढी पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकली. आम्ही भोपळ्याऐवजी पाच लिटरचे दोन रिकामे कॅन घट्ट झाकण लावून लांब दोराला बांधले आणि काठावर ठेवले. कुणी खोल पाण्यात गेलेच तर तो कॅन फेकायचा किंवा लांब काठी पुढे करायची. नीट पोहता न येणाऱ्याने मागोमाग उडी घेतली, की वाचवायची माणसे दोन होतात. पिण्याचे पाणी आम्ही घरून नेले होते.

स्वयंपाकाला तीन दगडांची चूल मांडताना माझ्या मुलाने नदीतले गोल गोटे आणले, ते मामांनी परत टाकायला लावले. पाण्यात मुरलेला दगड तापला की आतल्या वाफेने तडकतो आणि त्याच्या कपच्या उडू शकतात. बांधावरचे कोरडे दगड घेतले. पिठले, भाकरी आणि ठेचा झाला, मुलांसाठी दूधभात. विस्तवावर वाळू टाकून तो विझला असे समजणे ही आणखी एक चूक असते, कारण वाळूखाली निखारे तासन् तास धगधगत राहतात आणि सकाळी अनवाणी पाय नेमके तिथेच पडतात. आम्ही दोन बादल्या पाणी ओतले, राख काठीने ढवळली, आणि पुन्हा एक बादली ओतली.

परभणीकडची थंडी किती बोचरी असते, हे त्या बाजूच्या श्रोत्यांना मी काय सांगावे! जानेवारीत तिकडे पारा दहाच्या खाली सहज उतरतो. गारठा अंगावरून जितका लागतो, तितकाच जमिनीतूनही चढतो, म्हणून पांघरुणापेक्षा अंथरुणाची चिंता जास्त केली पाहिजे. मामांनी झटकून घेतलेला कडबा तंबूच्या तळाखाली पसरला, आत दोन वाकळा अंथरल्या, आणि मुले मधे व मोठी माणसे कडेला, असे आम्ही झोपलो. ऊब यावी म्हणून कोळशाची शेगडी बंद तंबूत ठेवण्याचा मोह कुणालाही होऊ नये. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेला माणूस जागा होत नाही.

तंबूची चेन रात्रभर बंद ठेवायची, चपला आत घ्यायच्या आणि सकाळी झटकून घालायच्या, लघवीला उठलेल्या मुलासोबत बॅटरी घेऊन मोठ्याने जायचे, हे नियम मण्यार आणि विंचू यांच्यामुळे. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावात जन्मलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला काम करताना विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध परिणामकारक ठरते असे दाखवून दिले, आणि त्यामुळे असंख्य जीव वाचले. पण औषध दवाखान्यात मिळते, म्हणून रात्री सर्वांत जवळचा दवाखाना कोणता उघडा असतो, हे आम्ही दिवसाच विचारून ठेवले होते.

मुलांना झोप लगेच आली नाही. टिटवीचा आवाज, कोल्हेकुई, आणि त्या सगळ्याखाली पाण्याची बारीक खळखळ. माझ्या मुलीने विचारले, "नदी झोपत नाही का?" मी उत्तर शोधेपर्यंत तीच झोपी गेली.

दिवस मावळताना मामांनी मुलाच्या हातून पाण्याच्या अगदी कडेला एक काठी रोवून घेतली होती आणि तिच्यावर विळ्याने खाचा पाडून दिल्या होत्या. सकाळी तोंड न धुताच मुलगा दरडीवरून खाली धावला. त्याच्यामागे दस्ती गळ्यात घातलेले त्याचे वडील. काठी आता कडेला नव्हती. ती पाण्यात उभी होती, तीन खाचा बुडाल्या होत्या, आणि काल आम्ही तंबूची पिशवी जिथे उघडली होती, तिथली वाळू ओली होऊन चमकत होती. आभाळात एकही ढग नव्हता.

"आई, पाऊस कुठं पडला?" त्याने खालूनच ओरडून विचारले.

"वरच्या बंधाऱ्यातून सोडलंय रं, बाळा," मामा म्हणाले, आणि चुलीसाठी कोरडे दगड पुन्हा जुळवू लागले.